हातभर रिकामी जागा

खोल्यांना नावे देण्याची आपली जुनी रीत मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे. ओटी, पडवी, माजघर, माडी ही सारी नावे जागेवरून पडलेली. त्या जागेत काय करावयाचे, हे त्या नावांनी कधी कोणाला सांगितले नाही. आमच्या झाडीपट्टीत घराच्या दर्शनी अंगाला उतरत्या छपराची सपरी असते. तिच्यात दुपारी गप्पा रंगतात, पावसाळ्यात ओले कपडे वाळतात, रात्री पाहुणा झोपतो, आणि वेळप्रसंगी शेळीही बांधली जाते. सपरीला त्यात कसलाच कमीपणा वाटत नाही. पुढे आपण नव्या वळणाची घरे बांधू लागलो आणि खोल्यांची नावे कामावरून पडू लागली. निजण्याची खोली, जेवणाची खोली, बसण्याची खोली! नावाबरोबर खोलीला अहंकारही आला. जेवणाच्या खोलीत कोणी अंथरूण पसरले की ती रुसते. निजण्याच्या खोलीत पाहुण्याला बसविले की पाहुणाच अवघडतो. मग एके दिवशी आपल्या ध्यानात येते की, घरात माणसांपेक्षा कामे अधिक आणि कामांपेक्षा खोल्या कमी आहेत. तेव्हा आपण एका खोलीस 'बहुउद्देशीय' असे भारदस्त नाव देतो, आणि जे आपल्या आज्यांना न सांगता ठाऊक होते त्याचा नवा शोध लावल्याचे समाधान मानतो.

गोंदियातील आमच्या घरात अशी एक खोली आहे. तिला आम्ही नुसतेच 'मोठी खोली' म्हणतो. लांबी २२ फूट, रुंदी १४ फूट, आणि स्लॅबची उंची बरोबर १० फूट. माझ्या थोरल्या बंधूंनी हे घर बांधले तेव्हा या स्लॅबच्या मधोमध दोन जोड लोखंडी कड्या बसवून घेतल्या, आणि त्यांना बंगई टांगली. पुण्यामुंबईकडचे लोक जिला झोपाळा म्हणतात ती आमची बंगई. या खोलीत गणपती बसतो, मुलींचा अभ्यास होतो, लग्नकार्याच्या वेळी वीस माणसे ओळीने झोपतात. आणि मार्गशीर्षात नवे धान भरडून आले की तांदळाच्या पोत्यांची थप्पी उत्तरेच्या भिंतीला लागते. दुपारी दोन ते चार ही वेळ मात्र कोणी न लिहिलेल्या कराराने वहिनींची. त्या वेळी त्या बंगईवर बसून सुपारी कातरतात, आणि पायाच्या अंगठ्याने जमिनीला हलकेसे रेटून झोका घेतात. बंधू गेल्यापासून त्या झोक्याचा करकर आवाज हेच त्या खोलीचे घड्याळ झाले आहे.

अशा या भरल्या खोलीत माझ्या पुतण्याला गोल्फ खेळावयाचे होते.

वाचकांस हे ऐकून जे वाटेल तेच शेजाऱ्यांस वाटले. पुतण्या पुण्यास व पुढे परदेशी मिळून बारा वर्षे राहिला. वडील गेले त्या वर्षी तो बायकामुलींसह गोंदियास आला. त्याचे काम संगणकावरचे. ते तो मोठ्या खोलीच्याच एका कोपऱ्यात बसून करतो. तो आला तो कायमचा की काही दिवसांपुरता, हे त्याने सांगितले नाही आणि वहिनींनी विचारले नाही. मीही विचारले नाही. काही प्रश्न असे असतात की, ते विचारल्याने उत्तर मिळण्याऐवजी माणूसच उठून जाण्याची भीती वाटते. परदेशी असताना त्याला या खेळाचा नाद लागला होता. येथे त्याच्या खेळाजोगे मैदान नाही. ते नसावे याचे नवलही नाही. अठरा छिद्रांच्या एका मैदानाला शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. आणि आमच्याकडे ज्याच्या नावावर पाच एकरांच्या बांध्या आहेत, तो गावात बऱ्यापैकी शेतकरी समजला जातो. धान पिकविणाऱ्या मुलखाला एवढे गवत केवळ चेंडू हरविण्यासाठी राखणे परवडणार नाही.

खेळ तसा जुना आहे. स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने १४५७ साली त्यावर बंदी घातली होती. कारण तरुण लोक त्यापायी धनुर्विद्येचा सराव टाकून देत होते. हिंदुस्थानात तो इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा आणि मुंबईचा १८४२ सालचा. म्हणजे पाहावयास गेल्यास आमच्याकडे आगगाडी येण्याच्या कितीतरी आधी हा खेळ या देशात येऊन पोचला होता; फक्त तो क्लबाच्या कुंपणाबाहेर पडला नाही. अलीकडच्या काळात मात्र त्याने कुंपणच काय, मैदानही टाकून दिले आहे. दक्षिण कोरियासारख्या जमीन थोडी आणि माणसे दाट अशा देशात लोक हा खेळ सर्रास खोलीत खेळतात. समोर एक पडदा असतो. त्यावर प्रोजेक्टरने मैदानाचे चित्र पडते. खेळणारा खरा चेंडू खऱ्या काठीने त्या पडद्यावर मारतो. आणि चेंडू पडद्याला लागून खाली पडला, तरी चित्रातला चेंडू आकाशात उडून दूरवरच्या हिरवळीवर जाऊन टेकतो.

ही किमया कशी होते, ते पुतण्याने मला समजावून दिले. चेंडूजवळ एक लहानसे यंत्र ठेवलेले असते. त्याच्या डोळ्यांसमोरून चेंडू अवघा हातभर जातो न जातो, तोच ते त्याचा वेग, जमिनीशी होणारा कोन, डावीउजवीकडचा कल आणि त्याची गिरकी टिपून घेते. पुढचे सारे गणित. चेंडू किती उंच गेला असता, वाऱ्याने किती वळला असता, कोठे पडला असता, हे यंत्र त्या हातभर प्रवासावरून ठरविते. मला हे ऐकून मौज वाटली. आम्ही वडीलधारी माणसे दुसरे काय करतो? मुलगा पहिली दोन पावले कशी टाकतो हे पाहून तो पुढे कोठे जाऊन पडणार, याचे भविष्य आम्ही पाळण्याशीच वर्तवून मोकळे होतो. फरक इतकाच की, यंत्र निदान मोजून बोलते.

परंतु मोजमापाची खरी पंचाईत पुढे होती. एका रविवारी सकाळी पुतण्या टेप घेऊन खोलीत उभा राहिला आणि मी कागदपेन्सिल घेऊन बंगईवर बसलो. पडदा पूर्वेच्या भिंतीवर, १२ फूट रुंद व ९ फूट उंच. पडद्यापासून चेंडू सुमारे १० फुटांवर; त्याहून फार जवळ ठेवला तर उलटून आलेला चेंडू पायावर बसतो. चेंडूच्या मागे काठी फिरविण्यास व माणसास उभे राहण्यास ७ फूट. आणि पडदा भिंतीला चिकटवून चालत नाही. त्याच्यामागे सव्वा फूट जागा मोकळी सोडावी लागते. बेरीज सव्वाअठरा फूट झाली. लांबीत खेळ बसत होता. उंचीचा प्रश्न पंख्याने उभा केला. पुतण्या उंचापुरा, त्याने काठी डोक्यावरून फिरविली की तिचे टोक ९ फुटांपर्यंत जाते, आणि आमच्या पंख्याची पाती पावणेनऊ फुटांवर. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या गावात पंखा काढा म्हणणे म्हणजे छप्पर काढा म्हणण्यासारखे आहे. शेवटी छताचा पंखा दाराकडे सरकला आणि एक भिंतीवरचा पंखा त्याच्या मदतीस आला.

मग टेप खोलीच्या मध्यावर आली आणि पुतण्या थांबला. ज्या जागी चेंडू ठेवावयाचा ती जागा पडद्यापासून १० फूट, भिंतीपासून सव्वाअकरा फूट, म्हणजे जवळजवळ बरोबर बंगईच्या खाली होती. बंगई टांगलेली असताना तेथे काठी फिरविणे शक्यच नव्हते. झोका आणि टोला या दोघांनाही वर्तुळाचा तुकडा हवा असतो. आणि खोलीत तसा तुकडा एकच होता.

पुतण्या काही बोलला नाही. त्याने टेप गुंडाळली आणि "राहू द्या काका, येथे जमायचे नाही," असे म्हणून तो आपल्या कामाला बसला. त्याच्या स्वरात रुसवा नव्हता; रुसवा असता तर मला बरे वाटले असते. ज्याला एखादी जागा आपली वाटते तो तिच्यावर रुसतो. इतक्या शांतपणे माघार घेतो तो पाहुणा.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कड्या उपटायच्या नाहीत. साखळ्या काढता येतात." आणि थोडे थांबून, "पडदा तरी कायमचा कशाला टांगता? नाटकवाले टांगतात का?"

वहिनींचे माहेर अर्जुनी मोरगावकडचे. दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून, आमच्या भागात गावोगाव मंडई भरते आणि तिच्याबरोबर रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. कापणी झालेली असते, धान घरात आलेले असते. माणसे थंडीत घोंगडी पांघरून उजाडेपर्यंत बसतात. या नाटकमंडळ्यांचे मोठे ठाणे म्हणजे शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा. तेथून अर्जुनी दूर नाही. वहिनींनी लहानपणी पाहिलेला राजवाड्याचा रंगविलेला पडदा खालच्या काठीवर गुंडाळत दोरीने वर जाई, आणि सकाळी त्या जागी पुन्हा नुसते मोकळे आवार उरे. "घडी घातली तर कापडाला मोड पडते," त्या म्हणाल्या, "गुंडाळले तर पडत नाही." पुतण्याने मान वर करून आईकडे पाहिले. त्याला हवे असलेले ज्ञान वडशाच्या नाटकवाल्यांनी त्याच्या आईपाशी ठेवून दिले होते, हे त्याला तोवर कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतरचे काम सुताराचे, लोहाराचे आणि पुतण्याच्या चिकाटीचे. पडदा जाड पॉलिएस्टरचा, अनेक पदरी विणीचा. साधे कापड या खेळाला पुरत नाही. चेंडूचे वजन नियमाने ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असत नाही आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असत नाही. म्हणजे ही लिंबाएवढी वस्तू. पण चांगला टोला बसला की ती ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. तेव्हा बाजूच्या भिंतींना जाड रजया टांगल्या, काचेचे कपाट माझ्या खोलीत आले, आणि पडद्याच्या खालच्या सागवानी काठीला फोमची जाड गादी शिवली. नाहीतर काठीला लागलेला चेंडू तसाच उलटला असता. प्रोजेक्टर छतालगत, खेळणाऱ्याच्या पुढे बसविला, म्हणजे त्याची सावली चित्रात पडत नाही.

पडदा ताणण्याचा भाग मात्र मला सर्वांत उद्बोधक वाटला. पहिल्या दिवशी पुतण्याने तो चारही बाजूंनी ढोलाच्या कातड्यासारखा ताणला. चित्र आरशासारखे स्वच्छ आले. पण पहिलाच चेंडू गेला तसाच सणसणत परत आला, त्याच्या गुडघ्याजवळून निसटला आणि मागच्या कोनाड्यातील पितळी तांब्याला जाऊन भिडला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या दोऱ्या सैल केल्या. चेंडू आता शहाण्यासारखा पडद्याच्या पायथ्याशी पडे. पण पडद्याला झोळ आला, आणि चित्रातले मैदान आमच्या रस्त्यांसारखे दिसू लागले. दोन्हींच्या मधला ताण सापडण्यास आठवडा लागला. रबरी दोऱ्या लावल्या. बाजू जरा घट्ट, खालचा काठ जरा मोकळा. पडदा आता चेंडूला अडवितो, पण त्याच्याशी भांडत नाही. थोडा मागे सरतो, आघात आपल्यात मुरवितो आणि पुन्हा जागेवर येतो.

हे मागे सरणे ज्या जागेत होते, ती पडद्यामागची हातभर जागा. तिच्यावरून घरात जो वाद झाला, तो बंगईवरूनही झाला नव्हता. १२ फूट लांब, ९ फूट उंच आणि सव्वा फूट रुंद अशी एक रिकामी पोकळी घरात आहे, ती पडद्याआड असल्याने दिसतही नाही, आणि तिच्यात काहीही ठेवावयाचे नाही, ही कल्पनाच वहिनींना अधर्मासारखी वाटली. मराठी गृहिणीचे रिकाम्या जागेशी वैर असते. पलंगाखाली ट्रंका, ट्रंकांमध्ये भांडी, भांड्यांत डाळी असा तिचा सृष्टिक्रम आहे. पडदा लागल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पडद्यामागे डोकावलो, तर तेथे दोन गुंडाळलेल्या सतरंज्या, एक बाज आणि लोणच्याच्या तीन बरण्या सुखाने नांदत होत्या.

पुतण्याने त्या एकेक करून बाहेर आणल्या. "आई, पडदा मागे जातो. मागे काही असले तर चेंडू त्यावर आपटून परत येईल; बरणी फुटेल ती वेगळीच."

"म्हणजे एवढी जागा फुकट?"

"फुकट नाही. तीच तर कामाची आहे. ती आहे म्हणून पडदा टिकतो."

वहिनी गप्प झाल्या. त्यांना पटले की नाही, हे मला तेव्हा कळले नाही. पण बरण्या पुन्हा तेथे गेल्या नाहीत. मी मात्र त्या वाक्यावर बरेच दिवस विचार करीत राहिलो. एका छपराखाली राहणारी माणसे एकमेकांना अगदी चिकटून राहिली म्हणजे प्रेमाची परमावधी झाली, असे आपण समजतो. पण भिंतीला चिकटलेल्या पडद्यावर आघात झाला की तो भिंतीचाच होतो. आणि भिंत काही मुरवीत नाही, परत फेकते. तीन वर्षे वहिनींनी मुलाला 'राहणार का?' असे विचारले नव्हते. ती हातभर जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. शेजारीपाजारी तिच्यात आपापल्या बरण्या आणून ठेवू पाहत. कोणी म्हणे, परदेशची सवय लागलेला मुलगा येथे कसा रमेल. कोणी म्हणे, हे खूळ चार महिन्यांचे. वहिनी ऐकून घेत, आणि त्यातले काहीही मुलापर्यंत जाऊ देत नसत. पडद्यामागे जागा कशासाठी असते, हे त्यांना त्याने शिकविण्याची गरज नव्हती. त्यांना ते फक्त कापडाच्या बाबतीत नवीन होते.

पडद्याची चौकट स्लॅबला आठ बोल्टांनी धरलेली आहे. बोल्ट बसवावयाचे तेव्हा छताला भोके पाडावी लागली. साऱ्या खोलीत सिमेंटची धूळ झाली. बंधूंनी बांधलेल्या स्लॅबला भोक पाडताना वहिनी नको म्हणतील, अशी माझी अटकळ होती. त्या पदराने नाक धरून शेवटपर्यंत तेथेच उभ्या राहिल्या, आणि काम झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आठ भोकं पाडली." त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. भाडेकरू भिंतीला खिळा ठोकताना दहादा विचार करतो. जाणारा माणूस छताला आठ बोल्ट मारीत नाही, हा हिशेब त्यांनी मनात केला होता. आणि तो मी ताडून पाहावा, अशी त्यांची इच्छा होती. मी होय म्हणालो.

आता खोलीचा दिवस असा जातो. सकाळी पुतण्याचे काम; दुपारी बंगई; संध्याकाळी दोन्ही मुली बंगईच्या साखळ्या काढून पाट भिंतीला उभा करतात, पडदा सोडतात, दोऱ्या अडकवितात, आणि बापाचा खेळ सुरू होतो. खेळ संपला की सगळे उलट क्रमाने. दहा मिनिटांचे काम आहे. पडद्यावरची हिरवळ सुंदर असते, हे मी कबूल करतो. तथापि भाद्रपदात आगगाडीने गोंदियाहून कोणत्याही दिशेला निघावे आणि खिडकीतून धानाच्या बांध्या पाहाव्या, त्यापुढे ती मला फिकी वाटते. पावसाळ्यात पडद्याला दमट वास येतो, तेव्हा त्याला उन्हात धरावे लागते. वीज गेली की सारे मैदान एका क्षणात नाहीसे होते, आणि काठी हातात घेतलेला माणूस काळोखात पांढऱ्या कापडासमोर उभा राहतो. मुली त्या वेळी फार हसतात.

एके संध्याकाळी वहिनी प्रथमच खेळ पाहावयास बसल्या. पुतण्याने टोला मारला. चेंडू चित्रातल्या आकाशात चढला, लहान होत गेला आणि कुठल्याशा परदेशी मैदानाच्या टोकाला दिसेनासा झाला. पडद्यावर आकडा आला, २०५ मीटर. वहिनींनी खाली पाहिले. पडद्याच्या पायथ्याशी एक पांढरा चेंडू पडला होता.

"तो एवढा लांब गेला," त्या म्हणाल्या, "मग हा इथे पडलाय तो कोणता?"

"तोच आई," पुतण्या म्हणाला.

वहिनींनी तो उचलला, पदराने पुसला आणि त्याच्या हातात दिला.

गेल्या मार्गशीर्षात नवा तांदूळ आला. उत्तरेची भिंत पुरली नाही. पोती पूर्वेकडे, चौकटीच्या खालपर्यंत आली. पडदा तीन आठवडे वर गुंडाळलेला राहिला. पुतण्या कुरकुरला नाही. त्याने पोती मोजली, पावत्या लावून ठेवल्या, नातेवाइकांकडे पाठवावयाच्या तांदळाची यादी केली, आणि रात्री जेवताना सहज म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी पोती येण्याआधी ती चौकट फूटभर वर घ्यायला हवी."

'पुढच्या वर्षी' या शब्दांवर वहिनींनी वाढता वाढता पळभर हात थांबविला, आणि मग भाताचा आणखी एक डाव त्याच्या पानात घातला.